करिंथमधलं जेवण: एका तक्रारीची पूर्ण केस (१ करिंथ ११:१७-३४)

प्रभुभोजनाच्या (येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) रविवारी चर्चमधे एक ओळ हमखास वाचली जाते, की जो अयोग्य रीतीने ही भाकर खाईल किंवा प्याल्यातून पिईल तो प्रभूच्या शरीराचा आणि रक्ताचा दोषी ठरेल. आणि ती ऐकली की मागच्या बाकावरचे दोनचार जण जागेवरच बसून राहतात. कुणाचं घरात भांडण झालेलं असतं, कुणाची दारू सुटत नसते, कुणाला नुसतंच वाटत असतं की आपण काही त्या लायकीचे नाही. म्हणजे ज्याला आधीच खाली बघायची सवय आहे तोच उठत नाही, आणि ज्याला स्वतःबद्दल कसलीच शंका नाही तो आरामात पुढे जातो. गंमत म्हणजे (गंमत कसली, वाईटच आहे) ही ओळ लिहिली गेली तेव्हा तिचा रोख बरोब्बर उलट्या दिशेला होता. तो उलटा कसा होता हे बघायचं तर ओळ बाजूला ठेवून आधी केस बघावी लागते. कारण हे पत्र आहे, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, म्हणजे ठराविक माणसांना, ठराविक भानगडीवरून लिहिलेलं, आणि पलीकडचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, ते पत्रातूनच शोधून काढावं लागतं.

आधी शहर. जुनं ग्रीक करिंथ रोमन सेनापती मुम्मियसने इ.स.पू. १४६ मधे उद्ध्वस्त केलं, मग जवळजवळ शंभर वर्षं तिथे म्हणावं असं शहरच नव्हतं, आणि इ.स.पू. ४४ मधे ज्युलियस सीझरने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवलं. वसवायला लोक कोण आणले तर बहुतेक मुक्त केलेले गुलाम, असं त्या काळचा भूगोलकार स्ट्रेबो सांगतो. दोन बाजूंना दोन बंदरं, लेखायन आणि किंख्रिया, मधे अरुंद चिंचोळी जमीन, त्यामुळे व्यापार जोरात. म्हणजे पौल तिथे आला तेव्हा हे शहर पिढीजात सरदारांचं नव्हतं, दोनतीन पिढ्यांपूर्वी ज्यांचे आजे-पणजे गुलाम होते अशा घरांनी पैसा केला होता आणि आता त्यांना मान हवा होता, आणि तो सगळ्यांना दिसेल असा. तिथे थिएटरजवळच्या फरसबंदीत १९२९ मधे एक शिलालेख सापडला, त्यात एरास्त नावाचा माणूस सांगतो की नगराचं अधिकारपद मिळालं त्याबद्दल हा रस्ता मी स्वखर्चाने फरसबंद केला. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी (ते करिंथमधेच लिहिलं गेलं असं बहुतेक अभ्यासक धरतात) पौल शहराचा खजिनदार एरास्त याचा सलाम कळवतो. दोघं एकच का, यावर भांडण चालू आहे, काहीजण शिलालेख दुसऱ्या शतकातला मानतात, त्यामुळे त्यावर फार इमारत उभी करू नये. पण माणूस तो असो नसो, स्वभाव त्या शहराचाच आहे.

तारखेच्या बाबतीत इथे नशीब चांगलं आहे. नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्यं या पुस्तकात पौलाला करिंथमधे गल्लियो या प्रांताधिकाऱ्यापुढे उभं केल्याचं येतं, आणि डेल्फीला सापडलेल्या सम्राट क्लॉडियसच्या एका पत्राच्या शिलालेखावरून गल्लियोची कारकीर्द साधारण इ.स. ५१-५२ अशी लागते. पौलाचा तिथला दीड वर्षाचा मुक्काम त्या सुमारास. मग तो गेला, पुढे इफिसमधे राहिला, आणि तिथून साधारण ५३ ते ५५ च्या दरम्यान हे पत्र लिहिलं. आपण त्याला पहिलं पत्र म्हणतो पण पाचव्या अध्यायात तो आधी लिहिलेल्या एका पत्राचा उल्लेख करतो, ते हरवलं.

आता मला या केसमधला सगळ्यात बोलका वाटतो तो मुद्दा. पौलाकडे करिंथची माहिती दोन वाटांनी आली होती. एक म्हणजे तिथल्या मंडळीने त्याला पत्र पाठवून प्रश्न विचारले होते, लग्नाबद्दल, मूर्तीला दाखवलेल्या मांसाबद्दल वगैरे, आणि सातव्या अध्यायापासून तो "तुम्ही लिहिलं त्याविषयी" म्हणत एकेक प्रश्न घेतो. दुसरी वाट तोंडी खबरीची. ख्लोवेच्या माणसांनी मला तुमच्यातल्या तंट्यांबद्दल सांगितलं असं तो पहिल्याच अध्यायात म्हणतो, आणि ख्लोवेची माणसं म्हणजे बहुधा एखाद्या बाईच्या घरातले गुलाम किंवा नोकर. जेवणाचा विषय कुठल्या वाटेने आला? तर तो म्हणतो "माझ्या कानावर येतं, आणि काही अंशी मला ते खरं वाटतं". म्हणजे पत्रातून नाही. ज्यांना लिहिता येत होतं, ज्यांच्याकडे इफिसला माणूस धाडायची सोय होती, त्यांनी बाकीचे प्रश्न विचारले पण जेवणाचा विचारला नाही, कारण त्यांच्या लेखी तिथे काही बिघडलेलंच नव्हतं. खबर ख्लोवेच्याच माणसांनी दिली असं पौल म्हणत नाही, पण ती वरून आली नाही एवढं दिसतं. तक्रार होती ती उपाशी राहणाऱ्यांची.

तक्रार काय होती ते पौलाच्याच शब्दांचा सारांश करून सांगायचं तर: तुम्ही जमता तेव्हा जो तो आपापलं जेवण उरकतो, एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो, तुम्हाला खायला-प्यायला घरं नाहीत का, की ज्यांच्याकडे काही नाही त्यांना लाजवायचंय? हे लक्षात घ्यायला हवं की तेव्हा प्रभुभोजन म्हणजे छोटा वेफर आणि घोटभर द्राक्षारस नव्हतं, पोटभर जेवण होतं, आणि त्याच जेवणात भाकर मोडणं आणि प्याला फिरवणं यायचं. चर्चची इमारत नव्हती. कुणाच्या तरी घरी जमायचे, आणि सगळे एकत्र जमायचे तर घर मोठं असलेल्याकडेच, जसा गायस, ज्याला पौल सगळ्या मंडळीचा यजमान म्हणतो.

एवढ्या माहितीवरून खोलीत नक्की काय चालायचं हे उभं करायचे दोन प्रयत्न जास्त चर्चेत आहेत. जेरोम मर्फी-ओ'कॉनर याने करिंथजवळ अनाप्लोगा इथे उत्खननात मिळालेल्या एका बंगल्याचं माप पुढे ठेवलं: जेवणाची खोली साधारण ५.५ बाय ७.५ मीटर, तिच्यात भिंतीकडेने आडवं पडून जेवायचे कोच मांडले की नऊदहा माणसं, आणि बाकीचे बाहेरच्या चौकात, जिथे मधे पाण्याचं टाकं. म्हणजे यजमानाचे मित्र आत आणि उरलेले बाहेर उभे-बसलेले. चित्र इतकं पटकन डोळ्यासमोर येतं की अनेक प्रवचनांत ते पुराव्यासारखं सांगितलं जातं, पण डेव्हिड हॉरेलसारख्या अभ्यासकांनी त्यावर बोट ठेवलंय की त्या बंगल्याचा काळच पक्का नाही, आणि करिंथचे ख्रिस्ती असल्या बंगल्यात जमत होते हे कुणी ठरवलं, रस्त्याकडेच्या दुकानांच्या वरचे साधे मजलेही असू शकतात. मला हा आक्षेप बरोबर वाटतो. दुसरा प्रयत्न वेळेचा. गुलामाचा आणि मजुराचा वेळ स्वतःचा नसतो, आणि रविवार सुट्टीचा दिवस झाला तो कॉन्स्टंटाईनच्या ३२१ च्या आदेशाने, त्याआधी तो कामाचाच वार. मग ज्यांना उजेडी यायला जमतं ते आधी येऊन सुरू करतात, आणि राबणारा येतो तेव्हा भांडी रिकामी. पौल वापरतो ते क्रियापद "आधीच घेणं" असंही वाचता येतं आणि नुसतं "खाऊन टाकणं" असंही, त्यामुळे सगळे एकाच वेळी बसलेत पण जो तो घरून आणलेला डबा स्वतःच खातोय, एकाच्या डब्यात मासे आणि दुसऱ्याच्या काहीच नाही, अशीही शक्यता राहते. तिन्ही चित्रांत एक गोष्ट मात्र तीच आहे, एकाच छताखाली एकाच देवाच्या नावाने जमलेले काही तृप्त आणि काही उपाशी.

आणि त्या काळच्या माणसाला हे विचित्र वाटलं नसतं, हे खरं दुखणं. धाकटा प्लिनी हा रोमन लेखक आणि अधिकारी एका पत्रात सांगतो की तो एकाकडे जेवायला गेला तर तिथे द्राक्षारस तीन प्रतीचा होता, एक यजमानासाठी आणि आमच्यासाठी, एक कमी दर्जाच्या मित्रांसाठी, एक मुक्त केलेल्या गुलामांसाठी. प्लिनीला ते आवडलं नाही, मी सगळ्यांना एकच वाढतो म्हणाला, पण त्याचा उपायही मजेशीर आहे, तो म्हणतो माझे मुक्त गुलाम मी पितो ते पीत नाहीत, मीच ते पितात ते पितो. म्हणजे तत्त्व आहेच, वर काटकसरही. आपल्याकडच्या लग्नाच्या हॉलमधे व्हीआयपींसाठी वेगळी बसायची सोय असते आणि ड्रायव्हर लोक शेवटी मागच्या दारी जेवतात, त्यात कुणाला पाप वाटत नाही ना, तसंच ते.

त्याहून उपयोगी पुरावा म्हणजे लानुवियमचा शिलालेख, इ.स. १३६ चा, डायना देवी आणि देव मानला गेलेला अँटिनोअस यांच्या नावाने चालणाऱ्या एका मंडळाची नियमावली. साध्या लोकांचं मंडळ, सभासदांत गुलामही आहेत, कारण नियम असा की गुलाम सभासद मुक्त झाला तर त्याने चांगल्या द्राक्षारसाचा एक रांजण द्यायचा. जेवणाच्या दिवशी प्रत्येकाला दोन आस (छोटं रोमन नाणं) किमतीची भाकर आणि चार सार्डिन मासे. जागा सोडून दुसऱ्याच्या जागी जाऊन दंगा केला तर ४ सेस्टर्स दंड, शिवीगाळ केली तर १२. आणि मंडळाच्या प्रमुखाला वाटपात दुप्पट हिस्सा. म्हणजे गरिबांच्या स्वतःच्या संस्थेतसुद्धा पदाप्रमाणे ताट ठरलेलं होतं, लिखित, दगडात. हे ऐंशीएक वर्षं नंतरचं आणि इटलीतलं आहे, करिंथवर जसंच्या तसं लावता येणार नाही, पण करिंथचे ते खातेपिते भाऊ काही खास दुष्ट होते असं समजायचं कारण राहत नाही. ते आपल्या शहराच्या रीतीप्रमाणे वागत होते.

इथे मराठी वाचकाचं एक हमखास होतं. एकत्र जेवण, कोण कुणाबरोबर, म्हटलं की आपल्या डोक्यात सोवळंओवळं येतं, विटाळ येतो, १८९० चं पुण्याचं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण येतं, टिळक-रानडे यांच्यासारखी माणसं मिशनमधे गेली, चहा पुढे आला, नावं छापून आली आणि ग्रामण्य (धर्मबाह्य वागण्याबद्दलचा खटला) होऊन प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. पौलाच्या आयुष्यातही तसली केस आहे, पण ती ही नव्हे. ती अंत्युखिया शहरातली, गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात: केफा म्हणजे पेत्र यहुदी नसलेल्यांबरोबर जेवत होता, यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून माणसं आली तशी तो बाजूला झाला, आणि पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. ते शुद्धतेचं प्रकरण, पंचहौदच्या जवळचं. करिंथमधे कुणी कुणाच्या शिवण्याला घाबरत नव्हतं. तिथे प्रश्न ऐपतीचा आणि मानाचा होता, आणि तो जास्त चिवट असतो असं माझं मत, कारण विटाळ मानणाऱ्याला तू विटाळ मानतोस असं तोंडावर म्हणता येतं, पण जो फक्त आपलं आपण खातोय त्याला काय म्हणणार, तो म्हणेल मी कुणाला अडवलं? आपल्याकडच्या अभ्यासवर्गांत या दोन केसेस सर्रास एकत्र कालवल्या जातात आणि मग करिंथचा उतारा जातिभेदाविरुद्धचा म्हणून सांगितला जातो. हेतू चांगलाय पण तो उतारा अंत्युखियाचा घ्या, इथला वेगळं काहीतरी सांगतोय.

आता पौल युक्तिवाद कसा करतो. तो आधी सरळ म्हणतो की तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच. मग मधेच थांबून शेवटच्या रात्रीची हकीकत सांगतो, मला जे मिळालं ते मी तुम्हाला सोपवलं, ज्या रात्री येशूला धरून दिलं त्या रात्री त्याने भाकर घेतली. मिळालं आणि सोपवलं ही यहुदी गुरुपरंपरेची बोलण्याची तऱ्हा. आणि हे शब्द आज आपल्या हातात आहेत त्यांत लेखी स्वरूपात सगळ्यात जुने, मार्कचं शुभवर्तमान साधारण ७० च्या आसपासचं, म्हणजे त्याच्याही पंधराएक वर्षं आधीचे. ख्रिस्ती उपासनेतला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर आपल्यापर्यंत एवढ्या जुन्या रूपात का पोचला, तर करिंथमधे काही लोक उपाशी राहत होते म्हणून. भांडण नसतं तर पौलाने तो लिहायचं कारणच नव्हतं.

पण तो ही हकीकत इथे का सांगतो हे बघा. करिंथकरांना ती माहीतच होती, त्यानेच शिकवलेली. त्याला आठवण द्यायची आहे ती "तुमच्यासाठी" या दिशेची, शरीर दुसऱ्यांसाठी दिलं गेलं, प्याल्यात नवा करार आहे (यिर्मयाच्या ३१ व्या अध्यायातला), आणि करार एकट्याशी होत नाही, लोकसमूहाशी होतो. जो यजमान प्याला उचलून हे शब्द म्हणतो आणि शेजारी गुलाम उपाशी बसलाय, तो म्हणतोय एक आणि करतोय दुसरं. मग येतं ते "अयोग्य रीतीने". हे खाण्याच्या पद्धतीबद्दल आहे, खाणारा माणूस लायक आहे की नाही याबद्दल नाही. लायक कोणीच नाही, हे तर पौलाचं नेहमीचंच म्हणणं. आणि स्वतःची परीक्षा करावी, ती कसली, तर शरीर न ओळखता खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. कुठलं शरीर? नंतरच्या अनेक हस्तलिखितांत तिथे "प्रभूचं शरीर" असं आहे, पण सुमारे २०० च्या पपायरस ४६ मधे आणि सिनाई व व्हॅटिकनच्या मोठ्या हस्तलिखितांच्या मूळ मजकुरात नुसतं "शरीर" आहे. एक अध्याय आधी तो म्हणालाय की भाकर एक म्हणून आपण पुष्कळ असून एक शरीर, आणि एक अध्याय नंतर सगळी मंडळी म्हणजे एक शरीर आणि त्यातल्या कमजोर अवयवांना जास्त मान हे सविस्तर येतं. कॅथलिक परंपरेत इथे ख्रिस्तप्रसादातल्या प्रभूच्या खऱ्या शरीराला ओळखणं असा अर्थ फार जुना आहे आणि तो पूर्ण खोडून काढता येत नाही, कारण दोनच ओळी आधी शरीर आणि रक्त एकत्र आलेत. माझं मत असं की पौलाच्या मनात दोन्ही एकमेकांत गुंतलेली होती, पण ज्या केसवर तो निकाल देतोय त्यात न ओळखलेलं शरीर शेजारी बसलेला उपाशी माणूस आहे. आठव्या अध्यायात तर त्याने स्पष्टच म्हटलंय, भावांविरुद्ध पाप करणं म्हणजे ख्रिस्ताविरुद्ध पाप.

पुढची ओळ अवघड आहे. तुमच्यात बरेच आजारी आणि अशक्त आहेत, काही मेलेत, ते यामुळे. पौल हे देवाने दिलेली शिक्षा आणि शिस्त म्हणून सांगतो, आजच्या वाचकाला ते टोचतं, आणि टोचावं. काहीजण सोपा मार्ग काढतात की गरिबांना अन्न मिळालं नाही म्हणून ते आजारी पडले, धान्यटंचाईचे दाखलेही देतात, करिंथमधे दिनिप्पस नावाच्या माणसाला धान्यपुरवठ्याचा अधिकारी नेमल्याचे शिलालेख आहेत हे खरं, पण पौल तसं म्हणत नाही. एक मात्र बघण्यासारखं, कोण आजारी पडलं ते तो सांगत नाही, जास्त खाणाराच आजारी पडला असंही नाही. शरीर एक आहे तर दुखणं सगळ्यांचं.

आणि शेवटी उपाय, जिथे माझी थोडी निराशा होते. इतकं चढत चढत येऊन पौल म्हणतो काय, तर जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, भूक लागली असेल तर घरी खाऊन या, बाकीचं मी आल्यावर लावून देईन. घरी खा! म्हणजे ज्याच्या घरी आहे तो खाईल, ज्याच्या घरी नाही त्याचं काय? गेर्ड थाइसन याने १९७० च्या दशकात या उताऱ्याचा सामाजिक अभ्यास केला तेव्हा याच जागेवर बोट ठेवलं, की पौल वर्गभेद मोडत नाही, मंडळीच्या वेळेपुरता तो दाराबाहेर ठेवायला सांगतो आणि श्रीमंताला प्रेमाने वागायला लावतो. दुसरी बाजू अशी की पौल यजमानाच्या घरात यजमानाला सांगतोय, त्याच्या हातात ना पोलीस ना पैसा, आणि "थांबा" हा शब्द त्या घरात छोटा नव्हता. मालकाने गुलामाची वाट बघत जेवण अडवून ठेवायचं, याचा विचार करा. तरीपण लानुवियमच्या मंडळाने निदान माणशी चार सार्डिन असं ठरवून तरी दिलं होतं, पौल ताटात किती पडलं पाहिजे ते बोलत नाही. हे मला खटकतं आणि ते झाकायची गरज नाही.

पुढे काय झालं? जेवण आणि विधी हळूहळू वेगळे झाले. साधारण १५० नंतर रोममधे जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो तेव्हा रविवारच्या सभेत भाकर, पाणी आणि द्राक्षारस आहे, आलेले नाहीत त्यांच्याकडे सेवक नेऊन पोचवतात, अनाथ-विधवांसाठी वर्गणी आहे, पण पोटभर जेवण नाही. प्रीतिभोजन वेगळं चालू राहिलं, ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन १९७ च्या सुमारास त्याचं कौतुकाने वर्णन करतो, आणि चौथ्या शतकात लावदिकियाच्या परिषदेने चर्चमधे ते करायला बंदी घातली. याला करिंथचं भांडण हे एकच कारण नक्कीच नाही, माणसं वाढली, सभा पहाटे होऊ लागल्या, सरकारचा संशय होता. पण परिणाम असा झाला की जेवणच उरलं नाही, म्हणून जेवणातली विषमताही दिसेनाशी झाली, आणि "अयोग्य रीतीने" ही ओळ तेवढी मागे राहिली, जिला आता चिकटायला माणसाच्या खाजगी पापांशिवाय दुसरं काही नव्हतं.

करिंथमधे त्या जेवणाचं नक्की काय झालं याचा पत्ता लागत नाही. दुसऱ्या पत्रात पौल विषय काढत नाही, तिथे त्याची स्वतःचीच बाजू सावरायची लढाई चालू आहे. साधारण ९६ च्या सुमारास रोमच्या मंडळीकडून करिंथला एक लांबलचक पत्र गेलं, क्लेमेंटच्या नावावर आहे ते, कारण तिथे आता वडीलधाऱ्या सेवकांना पदावरून काढल्याचा नवा तंटा होता. त्यात तो करिंथकरांना म्हणतो, पौलाचं ते पत्र हातात घ्या आणि बघा. म्हणजे चाळीसएक वर्षं झाली तरी पत्र तिथे जपलेलं होतं. पण त्यातून क्लेमेंट आठवण करून देतो ती पौल, केफा, अपुल्लो या तटांची. जेवणाचं नाव काढत नाही.